गोल हवेत, माणूस नको?

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाचा युसिफ याकुबू नावाचा एक फुटबॉलपटू भारतात आला आणि उमेदीची वर्षे त्याने येथल्या मैदानांवर घालवली. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स संघाकडून खेळताना २००१-०२ च्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये त्याने १८ गोल केले आणि पुढच्याच हंगामात २१. लागोपाठ दोन वर्षे देशातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू तोच होता. पुढे तो मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये आला. या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि मुंबईत हे अजिंक्यपद प्रथमच आले. त्यानंतर तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला आणि उतरत्या वयात मुंबई एफसीकडूनही. आज तो निवृत्त आहे. कूपरेजच्या गॅलरीत त्याच्या नावाने ओरडणारे किती जण आज त्याची आठवण काढतात? फारच थोडे.

एका विदेशी खेळाडूवर आम्ही अग्रलेखाची जागा का खर्च करतो, असे कुणी विचारील. त्याचे कारण वसई तालुक्यात आहे.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला कळंब हे समुद्रकाठचे गाव आहे. ओहोटी लागली की तेथली ओली वाळू घट्ट होते आणि पोरे चेंडू घेऊन धावत सुटतात. या पोरांच्या अंगावर युरोपातल्या संघांचे बनियन असतात आणि पाठीवर आफ्रिकी वंशाच्या खेळाडूंची नावे असतात. पण याच नालासोपाऱ्यात आफ्रिकी माणूस भाड्याने खोली शोधू लागला की दलाल मान हलवतो आणि सोसायटी नकार देते. रिक्षावाला त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. पाठीवर नाव चालते, शेजारी माणूस चालत नाही!

यावर ठरलेले उत्तर मिळते, की हे लोक अमली पदार्थ विकतात. या भागात अशा गुन्ह्यांत काही आफ्रिकी नागरिक पकडले गेले, हे खरे आहे. गुन्हा करणाऱ्याला कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे, यात आमचे दुमत नाही. पण एकाच्या गुन्ह्यापायी सगळ्या रंगाला गुन्हेगार ठरवणे हा कुठला न्याय? इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी पारधी वस्तीवर पोलिसांची गाडी आजही आधी येते आणि चौकशी मागाहून होते. जन्मावरून माणसाला चोर ठरवण्याचे चटके ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसले, त्यांनी तरी कातडीच्या रंगावरून माणसाला चोर म्हणू नये.

खेळाच्या मैदानावर गरज आणि पंगतीत विटाळ, हा प्रकार आपल्याला नवा नाही. पुण्याच्या पळवणकर बाळू यांची गोलंदाजी हिंदूंच्या संघाला हवी होती. चेंडू त्यांच्या हाती दिला जाई, चहा मात्र तंबूच्या बाहेर, वेगळ्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२३ साली ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही मोठ्या भांडणानंतर. हुन्नर घ्यायचा आणि माणूस नाकारायचा, ही येथली जुनी रीत आहे. आफ्रिकी खेळाडूला आपण तीच लावतो.

गोव्याचेच पाहा. चर्चिल ब्रदर्सचा फिलिप मेन्सा हाही घानाचाच. १९९८-९९ चा सर्वाधिक गोल करणारा तो. नायजेरियाचे डुडू, रँटी मार्टिन्स आणि ओडाफा यांनी पुढे गोव्याच्या संघांसाठी गोलांचा पाऊस पाडला. त्याच गोव्यात २०१३ साली एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. दिल्लीत २०१६ साली काँगोच्या एका तरुणाला जमावाने ठार मारले. मार्च २०२४ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तर आयव्हरी कोस्टच्या खेळाडूला प्रेक्षकांनीच मैदानात पळवून पळवून मारले. टाळ्या वाजवणारे हात आणि मारणारे हात एकाच समाजाचे आहेत, हे आपण केव्हा कबूल करणार?

दुसरा आक्षेप फुटबॉलप्रेमींचा आहे. विदेशी आघाडीवीर आले म्हणून आपल्या पोरांना गोल करायची जागा उरली नाही, असे ते म्हणतात. त्यात थोडे तथ्य आहे. क्लब तयार माल विकत घेतात आणि घडवण्याची दगदग टाळतात. पण दोष विकत घेणाऱ्याचा की बाहेरून पोटासाठी आलेल्याचा? महिंद्र युनायटेड हा संघ मालकांनी २०१० साली बंद केला. मुंबई एफसीही पुढे संपली. विदेशी खेळाडू तर गेलेच, पण त्यांच्यासोबत आपले खेळाडूही रस्त्यावर आले. गिरणी बंद करताना कामगाराला विचारले नाही, तसे संघ बंद करताना खेळाडूलाही कुणी विचारले नाही. याकुबू आणि कळंबचा पोर यांच्यात वैर नाही. दोघेही दुसऱ्याच्या मर्जीवर खेळतात.

तेव्हा आमचे म्हणणे साधे आहे. वसई-विरार महापालिकेने विकास आराखड्यातली खेळाच्या मैदानांची आरक्षणे बिल्डरांच्या घशात जाऊ देऊ नयेत. कळंबच्या कोळी आणि आदिवासी पोरांना भरती आली तरी खेळता येईल असे मैदान हवे. त्यांना शिकवायला निवृत्त व्यावसायिक खेळाडू बोलवावेत, मग तो गोव्याचा असो, बंगालचा असो की घानाचा. ज्याने एका हंगामात २१ गोल केले, त्याला गोलासमोर उभे कसे राहायचे हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. आणि सोसायट्यांनी भाडेकरूचे कागदपत्र जरूर तपासावेत, रंग तपासू नये.

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, ती अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉईस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईतल्या आमच्या तरुणांनी संघटनेला नाव घेतले तेही ब्लॅक पँथरवरून. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाशी आम्ही दीडशे वर्षे नाते सांगत आलो. आता तो नालासोपाऱ्यात आपल्याच जिन्यावर उभा आहे. ते नाते खरे असेल, तर दार उघडावे लागेल.