ओट्यावरचा शिरा आणि ओट्यातल्या शिरा

बँकेत वर्षानुवर्षं खातेदारांच्या सह्या जुळवण्यात गेल्यामुळे मला एक खोड लागली आहे. कुठलीही वळणदार रेघ दिसली की ती खरी की गिरवलेली, हे आधी पाहायचं. खरी सही घाईत केलेली असते, खोटी सही फार काळजीपूर्वक केलेली असते. हा नियम मी आजवर चेकांना लावत आलो. तो स्वयंपाकघराच्या ओट्याला लावायची पाळी येईल असं बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात कुठेही नव्हतं.

पण पाळी आली आहे खरी. सिमेंटचा ओटा घडवायचा आणि त्यात रंगीत शिरा काढून तो संगमरवराचा म्हणून मिरवायचा, अशी एक कला निघाली आहे. कृती सांगतो. पांढरं सिमेंट, बारीक वाळू आणि थोडे काचतंतू घट्टसर कालवायचे. त्याचे गोळे साच्यात शेजारी शेजारी बसवायचे आणि मधल्या फटींत लोहाच्या ऑक्साइडचा रंग भुरभुरायचा. काळा, तपकिरी, पिवळा, जशी ज्याची हौस. मग साचा ठोकून आतली हवा काढायची आणि ओल्या पोत्याखाली त्याला निजवायचं. सिमेंटची पुरती ताकद २८ दिवसांनी मोजतात, म्हणजे तितके दिवस धीर धरायचा. शेवटी हिऱ्याच्या चकत्यांनी घासून आरसा करायचा आणि वर पारदर्शक लेप द्यायचा. एवढं झालं की ओटा संगमरवरासारखा दिसतो आणि सिमेंटसारखा वागतो. वजनालाही तो कमी नाही. दहा फूट लांब, दोन फूट रुंद, दीड इंच जाड ओटा पावणेदोनशे किलोच्या आसपास भरतो. आमच्या शाखेची तिजोरीसुद्धा त्याला दबून राहील.

आता या शिरा म्हणजे काय चीज आहे ते पाहा. संगमरवर म्हणजे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं आणि दाबानं नव्यानं स्फटिक झालेली चुनखडी. त्या चुनखडीत जी माती, जे लोह अडकलं, त्याच्या या रेघा. थोडक्यात, भेसळ! शाहजहाननं ताजमहालासाठी मकराण्याचा दगड आणवला, त्याची ख्याती पांढरेपणाची. बिचाऱ्या दगडाला जी भेसळ कोट्यवधी वर्षांत लपवता आली नाही, ती आपण हौसेनं घालून घेतो आणि तिचे जास्तीचे पैसे मोजतो. दूधवाल्यानं हेच केलं तर आपण मोहल्ला गोळा करतो.

बरं, शिराच हव्या असतील तर कारागीर कशाला? नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ओलं सिमेंट उघड्यावर सोडून द्या. पाणी भराभर उडून संध्याकाळपर्यंत झकास शिरा पडतात. मात्र त्यांना भेगा म्हणतात, आणि त्यांच्यापायी मिस्त्रीचे पैसे कापले जातात.

वाचकहो, माझं सिमेंटशी काडीचं वैर नाही. विदर्भातल्या माणसाचं असूही नये. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुस, गडचांदूर, आवारपूर इथे चुनखडीच्या जिवावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले, आणि आमच्या नागपुरात तर रस्तेही सिमेंटचे झाले. जुन्या घरांतल्या लाल ऑक्साइडच्या जमिनी आठवा. पायाला गार, पुसायला सोप्या, आणि आपण सिमेंट आहोत याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. भारत फ्लोअरिंग टाइल्स ही कंपनी १९२२ साली निघाली आणि स्वदेशीच्या त्या दिवसांत तिनं सिमेंटच्या नक्षीदार फरश्या घरोघर पोचवल्या. तीसुद्धा सिमेंटचीच कला. मोझॅकची फरशी घ्या. तिच्यात संगमरवराच्या चिपा असतात, पण ‘मी तुकड्या-तुकड्यांची आहे’ हे ती अंगावर लिहून फिरते. कर्ज काढणारा माणूस वाईट नसतो, दुसऱ्याची सही करून कर्ज काढणारा वाईट.

माझा मेहुणा या ओट्यांचा कैवारी आहे. तो म्हणतो, “भाऊजी, सिमेंट जन्मापासूनच नकली हो! लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिननं १८२४ साली पेटंट घेतलं तेव्हा पोर्टलंडच्या दगडासारखं दिसतं म्हणूनच त्याला पोर्टलंड सिमेंट म्हटलं ना? अन् सतराव्या शतकात इटलीवाले जिप्सममध्ये सरस अन् रंग कालवून संगमरवर करतच होते. तुम्हालाच काहून पोटात दुखतं?”

मुद्दा बिनतोड वाटतो, पण आहे कच्चा. सिमेंटनं नाव उसनं घेतलं हे खरं. पुढे धरणं बांधून, पूल बांधून त्यानं ते कर्ज व्याजासकट फेडलं. आज पोर्टलंडचा दगड कोणाला आठवत नाही, सिमेंट आठवतं. आणि इटलीवाल्यांनी ती करामत चर्चच्या वेद्यांवर केली. वेदीवर कोणी लिंबू पिळत नाही, राजेहो!

खरं दुखणं इथेच आहे. आपलं गाव संत्र्यांचं. आपल्या ओट्यावर संत्रं सोलणार, लिंबू पिळणार, अंबाडीची भाजी शिजणार, चिंचेचा कोळ सांडणार. घट्ट झालेल्या सिमेंटात चुना असतोच आणि आंबट पदार्थ चुना खातो. लिंबाची फोड थोडा वेळ पडून राहिली की तिथली चकाकी गेली. लेप आहे म्हणाल, तर बरेच लेप सावजी रश्श्याचं तापलेलं पातेलं टेकलं की मऊ पडतात, आणि लेप विरला की हळद आत उतरते. मग घासा आणि पुन्हा लेप द्या. कडप्पाही चुनखडीच्याच कुळातला. त्यालाही लिंबाचे पांढुरके डाग पडतात. पण आमच्या आईच्या ओट्यावर ते डाग कोणी मोजले नाहीत. त्या कडप्प्यावर पुरणपोळ्या लाटल्या, पाटोड्या कापल्या, वेळप्रसंगी माझा गृहपाठही झाला. डाग पडला म्हणून आईला कोणी बोललं नाही, कारण ओटा कामासाठी होता.

आमच्या एका परिचितांकडे असा शिरावाला ओटा मी पाहिला. वहिनी लिंबू कापायला ताटली घेऊन डायनिंग टेबलावर जातात. गरम कुकरखाली लाकडी पाट, पाटाखाली फडकं. चिंच मागच्या धुण्याच्या जागी कोळतात. सून नवी आहे, ती ओट्याजवळ आली की सासऱ्यांचा जीव वरखाली होतो. “स्वयंपाक बरा जमतो का हो याच्यावर?” असं मी विचारलं, तेव्हा वहिनींनी आधी नवऱ्याकडे पाहिलं आणि मग हळूच म्हणाल्या, “दिसतो मात्र छान.” ज्या बाईला जन्मभर तिथे उभं राहायचं, तिला पाहुण्यांच्या दोन मिनिटांच्या कौतुकासाठी वॉचमन करून टाकलं आहे.

दुसरा हप्ता भरतो घासणारा पोऱ्या. वाळूत सिलिका असते. कोरडं घासलं की तिची धूळ छातीत जाते, आणि त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. ऑस्ट्रेलियानं १ जुलै २०२४ पासून सिलिका ठासून भरलेल्या कृत्रिम दगडाच्या ओट्यांवर बंदी घातली, ती कापणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांपायीच. सिमेंटच्या ओट्याला ती बंदी लागू नाही, पण धुळीला कायदा वाचता येत नाही. पाणी सोडून घासलं आणि नीट मास्क दिला तर बरंचसं टळतं. आपल्याकडचा पोऱ्या तोंडाला रुमाल बांधून आरसा काढत बसतो आणि आपण त्याला विचारतो, “शिरा अजून जरा ठळक नाही का होणार?”

बँकेच्या ताळेबंदात आकस्मिक देणी म्हणून एक तळटीप असते. आज दिसत नाहीत, पण उद्या अंगावर येऊ शकतात अशी देणी. या ओट्याची सगळी खरी किंमत त्या तळटिपेत आहे, आणि कोटेशनमध्ये ती कोणी लिहीत नाही.

तेव्हा माझ्यापुरतं मी कर्जप्रकरणासारखं धोरण ठरवून टाकलं आहे. सिमेंटचा ओटा मंजूर, तीन अटींवर. एक, तो सिमेंटसारखा दिसेल. राखाडी असो की लाल, पण स्वतःच्या सहीनं. दोन, घासताना पाणी वाहील आणि घासणाऱ्याच्या नाकावर चांगला मास्क असेल. तीन, अर्जावर सही स्वयंपाक करणाऱ्याची लागेल, पाहुण्यांना घर दाखवणाऱ्याची चालणार नाही.

शिरा मलाही आवडतो. साजूक तुपातला, वर बेदाणे घातलेला. तो ओट्यावर असावा आणि सांडला तरी कोणी ओरडू नये.