फोडणीने विष मरत नाही हो!

रविवारी पुन्हा तोच वाद. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवलेला, आईने फोडणीसाठी कांदा चिरायला घेतलेला, आणि मी तो भात टाकून दिला. आई दिवसभर बोलली नाही. अन्न टाकू नये हे तिनेच शिकवलंय, त्यामुळे टाकताना मलाही बरं वाटलं नाही. पण गेल्या मे महिन्यात असाच भात खाल्ल्यावर दोन तासांत लेकीला उलट्या सुरू झाल्या आणि रात्र सलाईनवर गेली. तेव्हापासून या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

"खमंग फोडणी दिली की सगळं मरतं," हे आमच्या घरचं ब्रह्मवाक्य. साफ चूक! तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. भात शिजतो, ते मरत नाहीत. भात तासन् तास कोमट राहिला की ते रुजतात, वाढतात, विष तयार करतात. आणि हे उलट्या करवणारं विष फोडणी सोडाच, कुकरच्या शिट्ट्यांनाही दाद देत नाही. भाताला ना आंबूस वास, ना तार. म्हणजे "वास घेऊन बघ की" हा सल्लाही गेला.

दुसरं ब्रह्मवाक्य: "गरम भात फ्रीजमध्ये ठेवू नये." म्हणून गच्च भरलेलं पातेलं झाकून ठेवायचं. मधला भात मध्यरात्रीपर्यंत कोमटच! त्यापेक्षा परातीत पसरा, वाफ जाऊ द्या, लहान डब्यांत भरा आणि फ्रीजमध्ये टाका. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिजलेलं अन्न २ तासांपेक्षा जास्त बाहेर नको, आणि फ्रीज ५ अंशांच्या खाली हवा. अन्नाची कदर करायची ती रात्री नऊला करा ना, सकाळी आठला कशाला?

"आम्हाला कधी काही झालं नाही" म्हणणाऱ्या समस्त मावश्या-आत्यांनो, झालं होतं. तेव्हा त्याला "बाधलं" म्हणायचे, नाहीतर दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळायचे. भाताचं नाव कोण घेणार? शिवाय आजी माणसं मोजून तांदूळ घ्यायची, तिचा भात उरायचाच कमी. ते मात्र आपण सोयीस्कर विसरलो.

असो. आई अजून फुगलेलीच आहे. काल तिने तांदूळ मोजून घेतले, आणि भात नेमका मला कमी पडला.