गिधाडाला नावे का ठेवता?

आमच्या घरी कुणी घाईघाईने जेवला की 'काय गिधाडासारखा तुटून पडलास' असे म्हणतात. मला तर रोजच म्हणतात. पण आमच्या वर्गातल्या एकानेही खरे गिधाड पाहिलेले नाही. मी सगळ्यांना विचारले.

आमच्या आबांनी पुष्कळ पाहिली आहेत. ते सांगतात, पूर्वी मेलेले ढोर ओढ्यापलीकडे नेऊन टाकायचे. मग आभाळात ठिपके दिसायचे आणि बघता बघता तीस-चाळीस गिधाडे उतरायची. सांजपर्यंत नुसता सांगाडा. वास नाही की काही नाही. गेल्या पावसाळ्यात वरच्या आळीतली म्हैस मेली, ती चार दिवस तिथंच पडून होती. आम्ही नाक दाबून शाळेत यायचो. गावची सगळी कुत्री तिथं जमली. त्यातलंच एक माझ्या धाकट्या बहिणीला चावलं. आई तिला घेऊन सुईसाठी तालुक्याला चार वेळा गेली. चार दिवसांची मजुरी बुडाली.

मग गिधाडे गेली कुठे? सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गिधाड जागृती दिन असतो. त्या दिवशी बाईंनी आम्हाला सांगितले. पांढऱ्या पाठीची गिधाडे आपल्या देशात १९९२ साली हजार होती असे धरले, तर २००७ साली त्यातले एकच उरले. आधी शास्त्रज्ञांना वाटले, काही रोग आला असेल. मग पाकिस्तानात मेलेली गिधाडे तपासली. त्यांची मूत्रपिंडे बिघडली होती आणि आतड्या-काळजावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर होता. २००४ साली कारण कळले. जनावरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचे औषध टोचतात. ते जनावर लगेच मेले तर औषध मासात राहते. ते मास गिधाडाने खाल्ले की ते मरते. सडक्या मासातले जंतू ज्याच्या पोटात मरून जातात, ते गिधाड आपल्या औषधाने मेले! शिवाय गिधाडीण वर्षाला एकच अंडे घालते. कोंबडीसारखे नाही. म्हणून मेलेल्यांची जागा लवकर भरत नाही.

सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. पण माणसांना ते चालते. आजीच्या गुडघ्याच्या गोळ्यांवर मी तेच नाव वाचले. लोक माणसांच्या औषधाची मोठी बाटली आणून जनावरांना टोचत. म्हणून २०१५ पासून टोचायच्या औषधाची बाटली तीन मिलिलिटरचीच करायची असा नियम झाला. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफिनॅक हीही जनावरांसाठी बंद झाली.

माझे मत असे आहे की नुसत्या नियमाने होणार नाही. आपण विचारले पाहिजे. बाबांना मी हे सांगितले तर ते म्हणाले, "बैल रात्रभर कण्हत असला की गिधाडाचा इचार कोण करतो रे?" मला बाबांचे पटले. आमचा सर्जा आजारी होता तेव्हा मीही रडलो होतो. पण मेलॉक्सिकॅम नावाचे औषध आहे, त्यानेही दुखणे कमी होते आणि ते गिधाडाला बाधत नाही. मग बैलाचे दुखणे थांबवा आणि गिधाडही वाचवा, दोन्ही होईल ना? बाबा काही बोलले नाहीत. पण पुढच्या खेपेला गुरांचे डॉक्टर आले तेव्हा बाबांनीच त्यांना नाव विचारले.

गडचिरोली आणि रायगड जिल्ह्यांत अजून गिधाडे आहेत. आबा म्हणतात, आपल्याकडं आता काय येत नाहीत. मला वाटते येतील.

बंद केलेल्या औषधांची नावे मी पुठ्ठ्यावर लिहून आमच्या गोठ्यात टांगली आहेत. खाली मेलॉक्सिकॅम हिरव्या पेनाने लिहिले आहे. कुणाच्या घरी पुठ्ठा हवा असेल तर मधल्या सुट्टीत मला सांगा, मी लिहून देईन. अ‍ॅसिक्लोफिनॅक लिहिताना माझ्याकडून दोनदा खाडाखोड झाली, तेवढी चालवून घ्या.

(इयत्ता ४ थी)