उत्तर मिळते, म्हणूनच कथा संपत नाही

मुलांच्या मोबाइलवर ‘डिटेक्टिव्ह कॉनन’ दिसला की मोठ्यांचे तीन आक्षेप ठरलेले. एक, तीस वर्षे तेच ते चालले आहे. दोन, जिथे तिथे खून. यातून मुलांनी घ्यायचे काय? तीन, हे परक्यांचे. आपले काही वाचा. लोणावळा-पुणे लोकलने कॉलेजला जाणाऱ्या मावळातल्या मुलांना हे ऐकून ऐकून पाठ झाले आहे. आक्षेप काळजीपोटी घेतले जातात, म्हणून त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे. पण तिन्ही टिकत नाहीत.

पहिला आक्षेप लांबीचा. गोशो आओयामा यांनी ही जपानी चित्रकथा १९९४ मध्ये ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात सुरू केली. १९९६ पासून ती टीव्हीवर आहे. २०२१ मध्ये तिचा शंभरावा खंड आला आणि त्याच वर्षी ॲनिमेचा हजारावा भागही झाला. विषामुळे लहान मुलाच्या देहात अडकलेला आणि कॉनन या नावाने वावरणारा शिनिची कुदो अजून पहिलीतच आहे. त्याच्या भोवतीचे फोन बदलले, त्याची इयत्ता बदलली नाही. त्याला विष देणाऱ्या काळ्या संघटनेचा धागा फार रेंगाळला, हेही मान्य. पण लोक केवळ त्या धाग्यासाठी थांबलेले नाहीत. प्रत्येक प्रकरण स्वतःपुरते पूर्ण होते, म्हणून ते पुढच्याची वाट पाहतात.

आणि ‘तेच ते’ आपल्याला कधीपासून नकोसे झाले? सप्ताहाच्या शेवटी काल्याच्या कीर्तनात दरवर्षी कृष्णाच्याच लीला असतात, आणि सारा गाव त्या ऐकायला बसतो. कथा माहीत असते. बुवा ती आज कशी उभी करतात, हे पाहायचे असते. बी. पी. सिंग यांची ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ अशी वीस वर्षे चालली, पंधराशेहून अधिक भाग झाले. दया दार तोडणार, हे घराघरात ठाऊक होते. तरी शिवाजी साटमांचा एसीपी प्रद्युम्न कोणाला जुना झाला नाही. याच मालिकेचा १११ मिनिटांचा, एकही कट नसलेला भाग लोणावळ्यात चित्रित झाला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये दाखवला गेला. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. ठरलेल्या चौकटीत राहूनही किती मोठी झेप घेता येते, याचा पुरावा आपल्या तालुक्यातच आहे.

दुसरा आक्षेप हिंसेचा. अगदी लहान मुलांना यातली काही प्रकरणे दाखवू नयेत, हे खरेच. पण ही कथा खुनाची वाहवा करत नाही. चांदण्या रात्रीच्या सुरावटीचे जे प्रसिद्ध प्रकरण आहे, त्यात गुन्हेगार आगीत मरतो आणि कॉनन त्याला वाचवू शकत नाही. तो सल त्याला पुढेही सोडत नाही. संशयिताला तर्काने कोंडीत पकडून मरू देणारा गुप्तहेर खुन्याहून वेगळा नाही, ही त्याची भूमिका बनते. गुन्हेगाराचा जीवही मोलाचा मानणाऱ्या नायकावर क्रौर्य शिकवल्याचा आरोप करणे अन्याय आहे.

तिसरा आक्षेप परकेपणाचा. ‘एदोगावा कॉनन’ हे नावच मुळी आर्थर कॉनन डॉयल आणि जपानी रहस्यकथाकार एदोगावा राम्पो यांच्यावरून घेतलेले. राम्पो हे टोपणनावही एडगर ॲलन पोवरून आलेले. रहस्यकथा कुठल्याच एका देशाची मालमत्ता नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पिढ्या वाढल्या. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर फुरसुंगीचा, आपल्याच जिल्ह्यातला. शाळकरी वयाचा शोधक ज्यांना प्रिय आहे, त्यांना कॉनन परका वाटण्याचे कारण नाही.

आता या कथेच्या बाजूने. तिची खरी ताकद प्रामाणिकपणात आहे. सुरुवातीच्या खंडांत डोंगरातल्या एका बंगल्याचे प्रकरण आहे: झुलता पूल तोडलेला, आत अडकलेली मित्रमंडळी, बाहेर जंगलात चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळलेला माणूस. पावसाळ्यात पवनेकाठच्या आडबाजूच्या बंगल्यात राहिलेल्यांना त्यातली भीती वेगळी सांगावी लागत नाही. पण भीतीपेक्षा मोठी गोष्ट अशी की उत्तराचा धागा तुमच्या डोळ्यांसमोरच ठेवलेला असतो. ‘सीआयडी’त अनेकदा डॉ. साळुंखेंच्या प्रयोगशाळेतून उत्तर येते. कॉननमध्ये वाचकाच्याही हाती लागू शकेल असा पुरावा असतो. लेखक वाचकाला बरोबरीचा मानतो. हा मान मुलांना फार थोड्या ठिकाणी मिळतो.

दुसरे बळ कॉननच्या उंचीत आहे. त्याला सगळे दिसते, पण पहिलीतल्या पोराचे ऐकणार कोण? म्हणून तो खासगी गुप्तहेर कोगोरो मोरींना बेशुद्ध करून त्यांच्याच आवाजात निष्कर्ष मांडतो. ‘तू लहान आहेस, गप्प बस’ हे ज्या घरांत रोज ऐकू येते, तिथल्या मुलाला हा नायक आपला वाटला नाही तरच नवल. तो त्याला सांगतो की खरे काय ते वय पाहून ठरत नाही, पुरावा पाहून ठरते. अफवा आणि फॉरवर्डच्या दिवसांत याहून उपयोगी शिकवण कोणती?

म्हणून पालकांना विनंती आहे: मोबाइल हिसकावू नका, शेजारी बसा. उलगड्याच्या आधी भाग थांबवा आणि मुलाला विचारा, ‘कोण? कशावरून?’ आणि वडगाव, तळेगाव, लोणावळ्याच्या वाचनालयांना सांगणे आहे की अर्नाळकर, फास्टर फेणे आणि कॉनन एकाच फळीवर ठेवा. कोणते आधी उचलायचे, ते मुलांना ठरवू द्या.