अठ्ठावीस इंचांचे बूट

गेल्या पावसाळ्यात इंग्रजीच्या तासाला आमच्या वर्गात एक नवा शब्द आला. शब्द ‘टिची’, आणि अर्थ ‘अगदीच चिमुकला’. शब्द तोंडात बसावयास सोपा. आणि मुलांच्या तोंडात जो शब्द लवकर बसतो तो कोणाच्या तरी पाठीवर जाऊन बसल्यावाचून राहत नाही. पहिल्या बाकावर बसणाऱ्या आमच्या सर्वांत ठेंगण्या सोबत्यास उद्देशून तो तत्काळ योजिला गेला, आणि सारा वर्ग खदखदून हसला. आमच्या शिक्षकांनी कोणास दटावले नाही. हसणाऱ्यांपैकी चौघांस त्यांनी उभे केले आणि इतकेच सांगितले की, हा शब्द मुळात एका माणसाचे नाव आहे. तो माणूस कोण, ते ग्रंथालयात जाऊन शोधा आणि वर्गाला सांगा. ते चौघे म्हणजेच हा लेख लिहिणारे आम्ही.

प्रथम आम्हांस हा शिक्षेचाच एक सौम्य प्रकार वाटला. कोशात एका ओळीपलीकडे काही नव्हते. लिटल टिच नावाच्या एका बुटक्या विनोदी नटावरून हा शब्द भाषेत आला, एवढीच ती ओळ. म्हणजे माणूस विस्मृतीत गेला आणि त्याची उंची तेवढी भाषेत उरली! पुढे जे वाचावयास मिळाले आणि अखेर जे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिले, त्यावरून आमचे असे मत बनले आहे की, इंग्रजी भाषेने ह्या गृहस्थांवर अन्याय केला, आणि त्याच जातीचा अन्याय आपण आपल्या वर्गांत व स्नेहसंमेलनांत हसतखेळत करीत असतो.

लिटल टिच ह्यांचे खरे नाव हॅरी रेल्फ. जन्म २१ जुलै १८६७ रोजी इंग्लंडातील केंट परगण्यात, कडम नावाच्या खेड्यात झाला. वडील गावातील मद्यगृह चालवीत; हॅरी हे त्यांच्या मोठ्या खटल्यातील शेंडेफळ. जन्मतःच दोन्ही हातांना अंगठा धरून सहा-सहा बोटे होती. उंची बालपणीच खुंटली आणि पुढे ती चार फूट सहा इंचांवरच राहिली. असे मूल खेड्यात वाढते तेव्हा त्याच्याकडे लोक कसे टक लावून पाहतात, हे निराळे सांगावयास नको. कुटुंब थेम्स नदीकाठच्या ग्रेव्ह्जएंड गावी राहावयास गेल्यावर हा मुलगा काही काळ न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या दाढीस साबणाचा फेस लावण्याचे काम करीत होता. पत्र्याचा पावा मात्र तो सुरेख वाजवी, आणि त्या पाव्यानेच त्याला पोरवयात रंगभूमीवर नेले.

आता त्या नावाची गोष्ट ऐकावी. ती कोणत्याही फार्सापेक्षा कमी नाही. टिचबोर्न हे इंग्लंडातील एक श्रीमंत, सरदारी घराणे. त्याचा तरुण वारस रॉजर हा १८५४ साली समुद्रात जहाजाबरोबर नाहीसा झाला. काही वर्षांनी ऑस्ट्रेलियातील वागा वागा गावाचा एक खाटीक ‘तो वारस मीच’ म्हणून पुढे आला. हा तोतया अंगाने अगडबंब होता. (आपल्याकडच्या भाऊसाहेबांच्या तोतयाची आठवण वाचकांस होईलच.) खटले वर्षानुवर्षे चालले, आणि १८७४ साली त्याला खोट्या साक्षीबद्दल चौदा वर्षांची शिक्षा झाली. त्या गदारोळात गुबगुबीत अंगाच्या छोट्या हॅरीला लोक थट्टेने ‘टिचबोर्न’ म्हणू लागले. रंगभूमीवर तो प्रथम ‘यंग टिचबोर्न’ आणि १८८४ पासून ‘लिटल टिच’ झाला. एका अवाढव्य तोतयाच्या नावाचा तुकडा एका ठेंगण्या नटास चिकटला, आणि त्या नटामुळे तोच तुकडा इंग्रजीत लहानपणाचा वाचक ठरला. शब्दांच्या नशिबी काय येईल ते सांगता येत नाही.

इंग्लंडात त्या काळी गाणी, नकला, कसरती आणि नाच एकाच कार्यक्रमात दाखविणारी ‘म्युझिक हॉल’ नावाची नाट्यगृहे होती. तेथे लिटल टिच गाजले. ते अमेरिकेत जाऊन आले. पुढे लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात १८९१ सालच्या नाताळच्या खेळात डॅन लेनो आणि मेरी लॉइड ह्या त्या वेळच्या अग्रगण्य कलावंतांबरोबर उभे राहिले. पॅरिसने तर त्यांना आपलेच मानले. लोई फुलर ही अमेरिकन नर्तकी तेथे रंगीत प्रकाशझोतात वारोवार रेशीम फिरवून सर्पाकृती नृत्य करी व लोक मंत्रमुग्ध होत. लिटल टिच ह्यांनी त्या नृत्याचे विडंबन रचले आणि त्यास ‘मिस टर्पेंटाइन’ असे नाव दिले! थट्टा करण्यापुरते का होईना, मूळ नृत्य अंगी मुरलेले असल्यावाचून असले विडंबन वठत नाही, असे आम्हांस वाटते.

परंतु त्यांची खरी कीर्ती होती ती लांब बुटांच्या नृत्यासाठी. हे बूट अठ्ठावीस इंच लांब असत. नर्तकाची उंची चौपन्न इंच. म्हणजे बूट माणसाच्या निम्म्याहून लांब! १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात क्लेमाँ-मोरीस ह्यांनी ह्या नृत्याचे चलच्चित्र घेऊन दाखविले, आणि सुदैवाने ते आजही उपलब्ध आहे. आमच्या ग्रंथालयातील संगणकावर ते आम्ही पाहिले. चित्र थोड्याच मिनिटांचे, धूसर, मुके.

पहिल्या वेळी आम्ही पोट धरून हसलो. ते पट्टीसारखे बूट जमिनीवर थपाथप आपटतात, टोपी खाली पडते, आणि ती उचलू जावे तो बूटच आडवे येतात. दुसऱ्या वेळीही हसलो. तिसऱ्या वेळी आमच्यातील एकाने चित्र मध्येच थांबविले आणि म्हणाला, “अरे, हे पडत का नाहीत?” लिटल टिच त्या क्षणी ताठ अंगाने पुढे इतके कलले होते की, तुम्ही-आम्ही केव्हाच तोंडघशी पडलो असतो. नंतर ते हळूहळू बुटांच्या टोकांवर चढले. आता ते अठ्ठावीस इंची फळकुटे पायांखाली उभी, आणि साडेचार फुटांचा माणूस क्षणभर सहा फुटांहून उंच! नंतर आम्ही ते चित्र आणखी कितीदा पाहिले कोण जाणे. पण त्यानंतर आमचे डोळे त्यांच्या घोट्यांवरून हलले नाहीत.

विज्ञानाच्या तासाला आम्ही हा प्रश्न विचारला. उभ्या वस्तूच्या गुरुत्वमध्यातून काढलेली लंबरेषा तिच्या आधाराच्या आत असेल तोवर ती वस्तू पडत नाही, हे आपण सर्वच शिकतो. आपले पाऊल फार तर नऊ-दहा इंच लांब. तेव्हा थोडे पुढे कलताच ती रेषा बोटांच्या पलीकडे जाते. लांब बुटांनी आधार पुढे वाढतो, म्हणून अधिक कलता येते. येथवर बुटांची करामत. परंतु बूट घोट्याला स्वस्थ बसू देत नाहीत. जितके कलावे तितका शरीराचा भार पोटऱ्यांच्या स्नायूंनी मागे ओढून धरावा लागतो. आणि बुटांच्या टोकांवर उभे राहिले म्हणजे तर आधार जवळजवळ उरतच नाही. तेथे केवळ तोल. आमच्यातील एका धाडसी गृहस्थाने व्हरांड्यात दोन फळ्या पायांस बांधून पाहिल्या. त्याच्या नाकाची हकीकत येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही.

आता आमचे म्हणणे. लोक नाट्यगृहात येत ते एक बुटका माणूस पाहावयास. तो माणूस रंगभूमीवर येऊन नुसता उभा राहता तरी ते हसले असते, आणि पैसेही मिळाले असते. तो मार्ग लिटल टिच ह्यांना जन्मभर मोकळा होता. त्यांनी काय केले? लोकांच्या नजरेसमोर शरीराऐवजी बूट ठेविले. हसावयाचे असेल तर ह्या लाकूडतोंड्या बुटांना हसा, त्यांच्याशी चाललेल्या माझ्या झटापटीला हसा, असे जणू त्यांनी सांगितले. लोक ज्याला हसतात ते ठरविण्याचा अधिकार त्यांनी प्रेक्षकांकडून काढून आपल्या हाती घेतला, आणि त्याचे मोल रोजच्या मेहनतीने दिले.

कोणी म्हणेल, ठेंगणेपणावरच शेवटी त्यांचे पोट चालले ना? आम्ही ह्या प्रश्नावर आपापसांत पुष्कळ भांडलो. आमचे उत्तर असे: त्या नृत्यातून ठेंगणेपण काढून घ्या आणि काय उरते ते पाहा. सहा फुटांच्या माणसाने ते नृत्य केले तरी लोक तोंडात बोट घालतील. उलट गतवर्षी आम्हीच आमच्या स्नेहसंमेलनात जो प्रवेश केला, त्याची हीच परीक्षा करून पाहावी. वर्गातील सर्वांत उंच मुलाशेजारी आम्ही आमच्या त्या ठेंगण्या सोबत्यास भल्या मोठ्या मिशा लावून उभे केले होते. त्याला वाक्य नव्हते, हालचाल नव्हती. फक्त उभे राहावयाचे होते. सभागृह हसून लोटपोट झाले आणि प्रवेश ‘पडला नाही’ म्हणून आम्ही एकमेकांच्या पाठी थोपटल्या. चहाच्या वेळी तो नव्हता. तो घरी गेला होता, हे आमच्या ध्यानी दुसऱ्या दिवशी आले. त्या प्रवेशातून त्याचे ठेंगणेपण काढून घेतले तर खाली काही म्हणता काही उरत नाही. ती योजना आमची होती. म्हणून हे लिहिणे आम्हांस प्राप्त आहे.

लिटल टिच ह्यांना आम्ही देव्हाऱ्यात बसवू इच्छीत नाही. प्रारंभीच्या काळात त्या वेळच्या रूढीप्रमाणे तोंडास काळे फासून ते आफ्रिकी वंशाच्या लोकांची सोंगे करीत. दुसऱ्याच्या वर्णावर हसविण्याचा तो धंदा होता, आणि ज्याने स्वतः लोकांच्या रोखलेल्या नजरा सोसल्या त्यानेही तो केला. हे वाचून आम्हांस वाईट वाटले. पण हे न सांगता त्यांचे गुणगान करावे हे आम्हांस पटेना.

खाजगी आयुष्यात ते अबोल व संकोची होते. चेलो वाजवीत, चित्रे काढीत, फ्रेंच अस्खलित बोलत. फ्रेंच सरकारने १९१० साली त्यांना ‘पाम अकादेमिक’ ह्या मालिकेतील सन्मान दिला. हा सन्मान नेपोलियनने १८०८ साली सुरू केला तो विद्यापीठातील अध्यापकांसाठी. एका हास्यनर्तकाच्या छातीवर शिक्षकांचे पदक! आमच्या शिक्षकांस हे सांगितले तेव्हा ते प्रसन्नपणे हसले आणि म्हणाले, “योग्यच आहे.”

त्या बुटांचा मात्र पुढे लिटल टिच ह्यांना कंटाळा आला. त्यांना निरनिराळ्या व्यक्तींची सोंगे आणि गाणी करावयाची असत; प्रेक्षकांना बूटच हवे असत. लोक ज्या वस्तूवर प्रेम करतात तिच्यात माणसाला कोंडूनही घालतात, ह्याचे हे एक उदाहरण. १९२७ साली लंडनच्या अल्हांब्रा नाट्यगृहात खेळ चालू असता त्यांच्या डोक्याला अपघाताने मार लागला; पुढे पक्षाघाताचा झटका आला आणि १० फेब्रुवारी १९२८ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांची कन्या मेरी हिने रिचर्ड फाइंडलेटर ह्यांच्यासह लिहिलेले त्यांचे चरित्र १९७९ साली निघाले. चार्ली चॅप्लिन ह्यांच्या चालण्यात आणि मोठ्या बुटांत अभ्यासकांना लिटल टिच ह्यांची छाया दिसते. फ्रान्सचे झाक ताती तर त्या १९०० सालच्या चित्रास पडद्यावरील साऱ्या विनोदाचा पाया मानीत. चॅप्लिनला आपल्या वर्गातील प्रत्येक मुलगा ओळखतो. लिटल टिच ह्यांचे नाव आम्ही वर्गात विचारले तेव्हा एकही हात वर झाला नाही.

शोधाची हकीकत आम्ही वर्गाला सांगितली आणि ते चित्रही दाखविले. आमचा तो सोबती पहिल्या बाकावरून पाहत होता. तास संपल्यावर त्याने आम्हांस गाठून बुटांची लांबी नेमकी किती ते पुन्हा विचारले. आठ दिवसांनी तो सुताराकडून दोन फळ्या करून घेऊन आला. दोरी रुतते म्हणून त्यांना चामड्याचे पट्टेही मारले होते. यंदाच्या संमेलनात हा प्रवेश आपण स्वतः करणार, असे त्याने सांगितले. कार्यक्रमपत्रिकेत नावाआधी काही गमतीचे विशेषण घालावे काय, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “नको. नाव पुरे.” पत्रिका तशीच छापावयास दिली आहे.

सराव मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला चालतो. बुटांच्या टोकांवर तो अद्याप उभा राहू शकत नाही. पुढे कलणे मात्र दिवसेंदिवस वाढत आहे. आमच्यातील एक जण भिंतीवर खडूने त्याची खूण करतो, आणि उरलेले तिघे पुढे हात पसरून उभे असतो.