पाऱ्याचा आकडा आणि अंगाचा घाम

चैत्र-वैशाखात पेडणे तालुक्यातील मोकळ्या शेतांत क्रिकेटचे सामने रंगतात. पार्सेसारख्या गावी त्याच सुमारास काजूच्या बागांतील राबणूकही चालू असते. पारा ३४ अंशांवर असला, तर विदर्भाच्या मानाने हे ऊन ते काय, असे आपण म्हणतो. हा समज घातक आहे.

श्रम करताना स्नायूंत खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे तीन चतुर्थांश भागाची उष्णता होते. ती बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते आणि घाम सुटतो. परंतु गारवा येतो तो घाम वाळण्याने. एक लिटर घाम अंगावर वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. आपल्या किनाऱ्यावरील हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने तो वाळत नाही, नुसता निथळतो. शरीरातील पाणी व मीठ जाते, उष्णता मात्र आतच कोंडते. थंडीत याच्या उलट घडते. त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, हुडहुडी भरते आणि तिथे श्रमाची हीच उष्णता उपकारक ठरते.

हवामान खात्याच्या निकषानुसार किनारपट्टीवर कमाल तापमान किमान ३७ अंश आणि सरासरीहून किमान ४.५ अंशांनी अधिक असेल, तरच उष्णतेची लाट मानली जाते. साहजिकच ३४ अंशांच्या दमट दुपारी लाटेचा इशारा निघत नाही. मार्च २०२३ मध्ये तो निघाला, तेव्हा सरकारने दोन दिवस शाळा दुपारपूर्वी सोडल्या, हे योग्यच झाले. मात्र २०२५ मध्ये सहावीपासूनचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. त्या वर्गांच्या कवायतीची वेळ पाऱ्यावरून ठरणार, की हवेतील दमटपणावरून?

उन्हातील श्रमांशी जुळवून घ्यायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो व त्यातून मीठ कमी जाते. परीक्षा आटोपून थेट मैदानात उतरणारा मुलगा किंवा बागेत नव्याने आलेला मजूर पहिल्या आठवड्यातच कोसळतो, तो यामुळे. जुने कष्टकरी सकाळी मीठ घातलेली पेज पिऊन थोडे टेकत. त्यांना हे शास्त्र कुणी शिकवले नव्हते!

क्रीडामंडळांनी सामने सकाळी दहापूर्वी वा सायंकाळी ठेवावेत आणि पंचायतींनी परवानगी देताना सावली, पाणी व बर्फाची अट घालावी. बागायतदारांनीही भर दुपारी काम थांबवावे. खेळाडू बरळू लागला वा झोकांड्या खाऊ लागला, तर तो उष्माघात समजावा. तेव्हा प्रथम त्याच्या सर्वांगावर थंड पाणी ओतावे; इस्पितळाची गाडी येईपर्यंत ते थांबवू नये.