गेमला शिव्या देण्याआधी गेम कोणता ते तर बघा!

मोबाईलवर गेम खेळणारा म्हणजे वाया गेलेला, हे आपल्या हिंगोलीत ठरूनच गेलंय. मी खेळतो, उघड सांगतो. क्रोम उघडायचं न् खेळायचं. फुकट, डाऊनलोडची भानगड नाही, साध्या फोनवरही चालतं.

पण सगळ्या गेमला एकच माप लावू नका राव. लिचेस नावाच्या साईटवर बुद्धिबळ खेळा. पैसे नाहीत, जाहिरात नाही, सगळं देणग्यांवर चालतं. सेनगावच्या पोराला रात्री अकरा वाजताही परदेशातला जोडीदार मिळतो. याला तुम्ही व्यसन म्हणता?

दुसरीकडे काही फुकट गेममध्ये घडीघडी जाहिरात, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की बोट जाहिरातीवरच पडतं. माझा भाचा गाडी पळवायच्या गेममधून थेट पैशाच्या रमीवर पोचला. वय वर्षं नऊ!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात शिक्षा खेळणाऱ्याला नाही, खेळवणाऱ्याला आहे. ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्यालाही २ वर्षं आणि ५० लाखांपर्यंत. कायद्याला गुन्हेगार कळला, आपल्याला नाही. आपण पोराच्या हातातला फोन हिसकावतो आणि जाहिरातवाला मोकळाच.

रागावण्याआधी पाच मिनिटं पोराशेजारी बसा. गेम पैसे मागतो का, बघा. पैसे गेले असतील तर लाजू नका, १९३० ला फोन लावा.

खेळ फुकट असू द्या, पोरगं फुकट जाऊ देऊ नका.